गोळी गरम पडते, दुधाबरोबर घ्या

एक गृहस्थ खिशात चुंबक घेऊन आमच्या दातांच्या दवाखान्यात आले होते. जुन्या स्पीकरमधून काढलेलं, बिस्किटाएवढं गोल. त्यांच्या दाढेच्या जागी डॉक्टर मॅडमनी काही महिन्यांपूर्वी स्क्रू बसवला होता, आणि तो अस्सल आहे की नाही हे त्यांना त्या दिवशी बघायचं होतं. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी स्वतःच चुंबक तोंडात घालून स्क्रूला टेकवलं. काही झालं नाही.

"बगा! धरीत न्हाई. डुप्लिकेट हाय."

मॅडमनी ट्रेमधला चिमटा उचलून चुंबकाजवळ नेला. टक्कन चिकटला. "चिमट्यात लोखंड आहे काका, म्हणून धरला. तुमच्या तोंडात टायटॅनियम आहे. त्याला चुंबक धरत नाही, लाळेनं गंज चढत नाही, आणि हाडाला तो परका वाटत नाही, म्हणून तर तोच घालतात."

गृहस्थांनी विचार केला. "सोन्यालाबी चुंबक धरीत न्हाई," ते म्हणाले, "आन् पितळेलाबी न्हाई." आणि अर्धंमुर्धं समाधान घेऊन उठले. जाताना मला म्हणाले, "कोकणबाई, तुमी ध्यान ठेवा हितं."

मी ध्यान ठेवते. माझं कामच ते आहे. केजच्या बसस्टँडपासून चालत पाच मिनिटांवर आमचा दवाखाना, आणि त्यात मी मदतनीस. नावं लिहायची, औजारं घासायची, पाकिटात भरून ऑटोक्लेव्हमध्ये लावायची. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकरच, फक्त भाताऐवजी चिमटे शिजतात. पाकिटावर एक पट्टी असते, वाफ नीट लागली की ती काळी पडते. मी ती पट्टी तीनदा बघते. घरी गेल्यावर चौथ्यांदा डोळ्यांसमोर आणते. दोनदा तर भाजी गॅसवरून उतरवून परत आले आहे, कुलूप काढून पट्टी बघायला. दोन्ही वेळा काळीच होती. तरी जीव थाऱ्यावर नसतो, स्वभावच तसा.

मी मूळची सिंधुदुर्गातली, खाडीकाठची. वडील होड्या दुरुस्त करायचे. आई आजारी पडली आणि सातवीत माझी शाळा सुटली ती सुटलीच. लग्नानंतर नवऱ्याच्या मागे इकडे आले. तो रस्त्याच्या कामावर रोलर चालवतो. गेवराईकडचा हायवे झाला, मग काम दुसऱ्या जिल्ह्यात गेलं, त्याच्यामागे तोही गेला. मुलीची शाळा चालू होती म्हणून मी केजलाच राहिले. माहेरी जायचं तर दीड दिवस मोडतो. इथे पहिल्या वर्षी कुणी "कावून?" म्हणजे "का?" विचारलं की मी "काय ऊन?" असं ऐकायचे आणि "हो, फार आहे" म्हणायचे. लोक हसायचे. त्याच लोकांनी मला घर बघून दिलं, गॅस येईपर्यंत स्वतःच्या चुलीवर भाकरी टाकू दिली. आणि मॅडमनी, सातवी शिकलेल्या बाईला, खुर्चीशेजारी उभं केलं. हे उपकार मी बोलून दाखवत नाही, पण दिवसातून एकदा तरी आठवते, आणि आठवले की भीती वाटते. मिळालेलं जाईल म्हणून.

आता स्क्रूच्या दाताचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा बारीक स्क्रू बसवतात. हाड तीन-चार महिन्यांत त्याला घट्ट धरून बसतं. मग वर दात चढवायचा. स्क्रूला कीड लागत नाही, म्हणून लोकांना वाटतं आता काळजी मिटली. पण तोंडातले जंतू धातूवरही बसतात. आधी नुसता बुळबुळीत थर धरतो. मॅडम मला हे समजावत होत्या तेव्हा मी मध्येच म्हटलं, "मॅडम, हे होडीच्या बुडासारखं." होडी खाडीत उभी राहिली की पहिल्यांदा बुडाला शेवाळ धरतं. बोट लावलं तर फक्त निसरडं लागतं. मग त्या निसरड्यावर टणक खपल्या बसतात, आणि मग कितीही पाणी मारा, निघत नाहीत. वडील पत्र्यानं खरवडायचे. मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "अगदी हेच. औषध म्हणजे वरून मारलेलं पाणी. वरचे जंतू मरतात, थराच्या आतले सुखरूप. म्हणून आधी खरवडायचं, मग गोळी." फक्त खरवडायचं तेही पोलादी औजारानं नाही. टायटॅनियमवर ओरखडा उठला की जंतूंना बसायला आणखी एक खाच मिळते. त्यासाठी वेगळी औजारं असतात, ती मी वेगळ्या डब्यात ठेवते.

हे परळीच्या एका काकांना कोण सांगणार! तिथल्या थर्मल वीजकेंद्रातून रिटायर झालेले. स्क्रू बसवल्यावर हिरडीतून धातूची टोपी दिसते काही दिवस. ती त्यांनी रोज राखेनं घासली. "धातू राखेनंच उजळतंय की! आन् राख आमच्याकडं काय कमी हाय व्हय? आख्ख्या गावाला पुरंल." टोपी अशी चमकत होती की मॅडमना हसू आवरेना, आणि भिंगातून पाहिलं तर तिच्यावर नुसते चरे. ती बदलली. काकांना मऊ ब्रश दिला. ते ब्रशकडे असे बघत होते की जणू त्यांना कुणी खुळखुळा दिलाय.

हसण्यासारखी माणसं खूप आली. पण मला लिहायचंय ते माझ्या एका वाक्याबद्दल.

पेशंट निघाला की गोळ्या समजावायचं काम माझ्याकडे. मॅडम चिठ्ठी लिहितात, शेजारच्या मेडिकलमधून गोळ्या येतात, मी ही सकाळी, ही जेवल्यावर, असं सांगते. आणि शेवटी माझ्या पदरचं एक वाक्य जोडायचे: "गोळी गरम पडते, दुधाबरोबर घ्या." हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आमची आई सांगायची, सासू सांगायची, इथल्या बायकाही हेच सांगतात. औषधानं पोटात आग होते, दुधानं शांत होते. पेशंटलाही बरं वाटायचं. नुसतं "घ्या" म्हणण्यापेक्षा त्यात माया आहे ना. मॅडमच्या कानावर ते कधी पडलं नाही, कारण तोवर त्या पुढच्या पेशंटच्या तोंडात बघत असायच्या.

आता सोपान आबा. केजच्या अलीकडच्या वाडीवरचे, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारे. पाऊसकाळ संपला की कळप घेऊन गोदावरीच्या अंगाला उतरायचं, उन्हाळ्याशेवटी परत. वय साठीच्या पुढे, अंग काटक. त्यांच्या एडक्यानं डोक्यानं अशी टक्कर दिली की वरचा पुढचा दात गेला. दात गेला त्याचं आबांना काही नव्हतं.

"भाकर दाढंनं चावतो मी," ते मॅडमना म्हणाले. "पर शीळ गेली वो माजी."

मेंढरांना ते शिळेनं वळवायचे. जीभ पुढच्या दातांमागे टेकवून लांब शीळ घातली की पांगलेला कळप मागे फिरायचा. दात गेल्यावर नुसती फुस्स हवा. "मेंढरं माज्याकडं बगत्यात आन् चरायला लागत्यात. कुत्रं तर लाजंनं तोंड फिरवतंय." आधी त्यांनी दुसरीकडून काढता-घालता दात बसवून घेतला होता. पहिल्याच जोरकस शिळेला तो उडून कळपात पडला आणि चारशे खुरांखाली गेला. म्हणून स्क्रू. मुलगा म्हणाला, या वयात कशाला. सून म्हणाली, "बसवून घ्या मामा. तुमी शीळ घातली की मला घरात कळतंय, भाकरी टाकायची येळ झाली."

स्क्रू चांगला धरला. दात चढला त्या दिवशी आबांनी वेटिंगमध्येच शीळ घातली. बाहेर रिक्षावाल्यानं ब्रेक मारला.

वर्षभरानं आबा हिरडी सुजवून आले. दाबलं की पू. हाड थोडं मागे सरकलं होतं. होडीच्या बुडाचंच दुखणं. मॅडमनी तासभर बसून थर काढला, औषधानं धुतलं, आणि म्हणाल्या, "एक वेगळी गोळी देते. दोन आठवड्यांनी या. तोवर उतरलं नाही तर स्क्रू काढावा लागेल आबा." आबांनी आपसूक ओठांवर हात ठेवला.

चिठ्ठी माझ्या हातात आली. मॅडम इंग्रजीत लिहितात. इंग्रजी मला पाचवीपासून जेमतेम अडीच वर्षं होतं, अक्षरं ओळखते, शब्द अडतात. पण त्या चिठ्ठीच्या तळाशी मॅडमनी कधी नव्हे ते दोनच शब्द लिहून खाली रेघ मारली होती, आणि त्यातला दुसरा मला चटकन वाचता आला. 'मिल्क'. दुधाच्या पिशवीवर रोज बघते तो. मला काय आनंद झाला सांगू! वाटलं, माझं वाक्य मॅडमनी ऐकलंय. माझंच सांगणं त्यांनी आता लिहून दिलंय.

"आबा, ही गोळी लई गरम आहे," मी त्यांना त्यांच्याच भाषेत बजावलं. "दुधाबरोबरच घ्यायची. मॅडमनी लिहूनच दिलंय."

"दुधाला काय तोटा ताई? शेळ्या हायत्या की दारात," आबा म्हणाले.

दहा-बारा दिवसांनी एका शिक्षिकाबाईंना मॅडमनी त्याच गोळ्या दिल्या. मी माझं वाक्य म्हटलं. बाईंनी चष्मा वर केला, चिठ्ठी वाचली आणि म्हणाल्या, "अहो ताई, इथं 'अव्हॉइड मिल्क' लिहिलंय. दूध टाळा."

मी हसले. म्हटलं, "हो हो, तेच. टाळाच." बाई गेल्या.

आबांची तारीख तीन दिवसांवर होती. ते तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मॅडमना सांगायचं हे मी सकाळी उठून ठरवायचे, आणि दवाखान्याचं शटर वर करताना माझा धीर शटरबरोबर वर जायचा तो खाली यायचाच नाही. मनात येई, सातवी शिकलेली बाई ठेवली आणि तिनं हे केलं, असं त्या म्हणतील. म्हणणार नाहीत, पण वाटेल तर खरंच. दुसऱ्या दिवशी मी माझ्या मोबाइलवरून आबांकडे फोन लावला. सुनेनं उचलला. "मामा मेंढरामागं गेल्यात. काय काम होतं वो ताई?"

मी म्हटलं, "काही नाही, सहज. तारीख लक्षात आहे ना, एवढंच."

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. चुकून चुकीचं सांगितलं ते एक. पण कळल्यावर "सहज" म्हटलं, ते मला जास्त टोचतं.

आबा आले. सूज तशीच, उलट थोडी वाढलेली. वेटिंगमध्ये माझ्याशेजारी बसून हौसेनं सांगू लागले, "एक गोळी चुकविली न्हाई ताई. शेळीचं निरसं दूध, तांब्याभर, दोन्ही टायमाला. तुमी सांगितल्यावानी." बोलताना पू आलेल्या बाजूनं ओठ उचलत नव्हता.

आत मॅडमनी विचारलं, "गोळ्या पुऱ्या घेतल्या का आबा? खरं सांगा."

"खोटं बोललो आसंल तर कळप आडवा व्हईल माजा."

मॅडमनी उसासा टाकला. मला म्हणाल्या, "सुनंदाताई, स्क्रू काढायचा सेट घ्या. औषधानं ऐकलं नाही म्हणजे आता थांबण्यात अर्थ नाही." आबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

मी पाकीट काढलं. पट्टी काळी होती. मी ती पुन्हा बघितली. मग पुन्हा. पाकीट फाडलं नाही, तसंच हातात धरून उभी राहिले.

"ताई?"

"मॅडम, त्यांनी गोळी दुधाबरोबर घेतली." मी म्हटलं. "मी सांगितलं म्हणून. 'मिल्क' तेवढं वाचता आलं मला. पुढचं, म्हणजे आधीचं, नाही आलं. आणि तीन दिवसांपूर्वी कळलं, तरी मी बोलले नाही."

मॅडमनी मास्क खाली केला. मग आबांकडे वळल्या. "आबा, आज काढत नाही. गोळी तुमच्यापर्यंत पोचलीच नाही पुरती. परत एकदा बघू. आणि तंबाखूची पुडी इथं टेबलावर ठेवा, तीही माझ्याच औषधाच्या मुळावर आहे."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "म्हंजी दूध वंगाळ?"

"दूध चांगलं आहे. जोडी वाईट," मॅडम म्हणाल्या.

संध्याकाळी मी एप्रन घडी करून टेबलावर ठेवला आणि उभी राहिले. मॅडम हात धूत होत्या. "घडी कशाला केली? धुवायला टाका," त्या म्हणाल्या. मग बसायला लावलं. रागावल्या, नाही असं नाही. चुकीबद्दल कमी, तीन दिवसांबद्दल जास्त. "तुम्ही पट्टी तीनदा बघता आणि माणसासाठी एक फोन करत नाही?" हे वाक्य मला पाठ आहे. पण पुढे म्हणाल्या, "आणि तुम्हाला इंग्रजी वाचता येत नाही हे मला ठाऊक होतं. तरी मी इंग्रजीत लिहिलं. तेवढं माझ्या खात्यावर."

मग त्यांनी मला समजावलं. या गोळीची जातच अशी की धातूचा कण दिसला की त्याला मिठी मारते. दुधात जो चुना असतो, कॅल्शियम, तोही त्यात आला. रक्तवाढीच्या गोळीतलं लोहही आलं. पोटातच मिठी बसली की गोळीचा मोठा भाग रक्तात जातच नाही, बाहेर पडतो. बाकीच्या बऱ्याच गोळ्यांना दूध चालतं, म्हणून माझं वाक्य इतकी वर्षं खपून गेलं. मी विचारलं, "मग मॅडम, तोंडातला स्क्रूही धातूच ना? त्याला नाही मारत मिठी?" त्या हसल्या, त्या दिवसात पहिल्यांदा. "टायटॅनियमवर त्याचंच एक पातळ कवच असतं. तो असा विरघळून पोटात येत नाही. त्रास देतो तो त्याच्यावरचा थर." वडिलांच्या होडीचं लाकूडही चांगलंच होतं.

दुसऱ्या दिवशी रजिस्टर काढून आम्ही त्या गोळ्या दिलेल्या सगळ्यांना फोन लावले. मीच लावले, मॅडम शेजारी बसल्या. शिक्षिकाबाई म्हणाल्या, "मी पाण्याबरोबरच घेतेय हो, काळजी करू नका." एक आजीबाई ओरडल्या, "दूध? दूध समदं डेरीला जातंय बाई! गोळीला कुठनं आनू? पान्यासंगंच गिळली." इतका आनंद मला दुसऱ्याच्या घरात दूध नसल्याचा कधी झाला नव्हता.

आबांचं खरवडणं परत झालं, गोळ्या परत झाल्या, या वेळी पाण्याबरोबर. पहिली गोळी मी माझ्यासमोर घ्यायला लावली. सूज उतरली. पण गेलेलं हाड परत आलं नाही, ते येत नसतं सहसा. स्क्रू आहे, दात आहे, पण मूळ उघडं पडल्यासारखी त्याची थोडी मान दिसते, आणि तो किती वर्षं राहील ते मॅडमही सांगत नाहीत. मी एकदा धीर करून विचारलं, पहिल्याच वेळी पाण्याबरोबर घेतली असती तर एवढं हाड गेलं असतं का? मॅडम म्हणाल्या, "कदाचित तरीही गेलं असतं. तंबाखू होती, थर होता, ते उशिरा आले. सांगता येत नाही ताई." सांगता येत नाही, यावर मला निजावं लागतं.

आता आमच्या चिठ्ठ्या मराठीत असतात. त्या गोळ्यांच्या चिठ्ठीवर मी स्वतः दुधाचा ग्लास काढते आणि त्यावर फुली मारते. मुलगी म्हणते, आई, ग्लास बादलीसारखा दिसतो. दिसू दे. मुलीकडूनच रोज दहा इंग्रजी शब्द लिहून घेते. 'अव्हॉइड' पहिल्याच दिवशी लिहिला.

आबा दर तीन महिन्यांनी साफ करायला येतात. कळप नदीकडे असला तर तिकडून एसटीनं. त्यांची तारीख असली की सकाळपासून माझं लक्ष कामात नसतं. मॅडम आत बारीक सळईनं हिरडीतली खोली मोजतील, आकडा सांगतील, तो मी लिहीन, त्याआधीच मला कळायला हवं असतं. आबांना हे ठाऊक झालंय. ते दवाखान्यात शिरायच्या आधी रस्त्यावरूनच शीळ घालतात. पहिल्यासारखी नाही ती. दात थोडा लांब दिसतो ना आता, हवा एका बाजूनं निसटते, शेवटाला आवाज फाटतो. मी एकदा म्हटलं, "आबा, मेंढरं ओळखतात का ही?"

"पयल्यांदा न्हाई ओळखली," ते म्हणाले. "मंग शिकली. त्यास्नी तरी दुसरं कोन हाय?"

मागच्या तारखेला अकरा वाजून गेले तरी शीळ नव्हती. साडेअकरा झाले. मी दोनदा दारात जाऊन आले, फोन हातात घेतला, आणि या वेळी लावला. "आबा, कुठं आहात?"

फोनमधून उत्तर आलं नाही. शीळ आली, फाटक्या शेवटाची, आणि तीच त्याच क्षणी रस्त्यावरूनही आली. वेटिंगमधली माणसं हसायला लागली. आबा दारात उभे, कानाला मोबाइल तसाच.

"ताई, गाडी उशिरा आली. घसा सुकलाय. काय देता, दूध?"

मी ग्लास पाण्यानं भरला.